पॉइंट झिरो झिरो

मे महिन्यातल्या एका मंगळवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला पुलावरचा राक्षस मरता मरता राहिला. त्याच्या हेल्थ बारमध्ये, म्हणजे गेममध्ये कुणाचा किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या पट्टीत, केसाएवढी लाल रेघ उरली होती. तीन आठवडे मी त्या पुलावर जात होते, रोज जेवणं झाल्यावर तासभर, आणि तेवढी बारीक रेघ पहिल्यांदाच बघत होते. त्याने हातोडा डोक्यावर उचलला, उजवा खांदा जरा मागे नेला. खांदा मागे गेला की मनात ‘एक’ म्हणायचं आणि डाव्या अंगाला लोळण घ्यायची, हे मला तोवर झोपेतसुद्धा येत होतं. मी ‘एक’ म्हटलं आणि अंगठा दाबला. माझ्या योद्ध्या बाईने लोळण घेतली नाही. ती जागच्या जागी उभी राहिली, कमरेची कुपी काढली, मान मागे टाकली आणि औषध प्यायला लागली. मान तशी मागे असतानाच हातोडा खाली आला.

आतल्या खोलीतून आईने विचारलं, “मेलो काय गो तो?”

“नाय. मीच मेलंय.”

तिने कूस बदलल्याचा आवाज आला. मी कॉम्प्युटर बंद केला आणि पडवीत येऊन बसले. वारा पडला होता. वेंगुर्ल्यात मे महिन्याच्या शेवटाला अशी एखादी रात्र येतेच, माडाची झावळी हलत नाही आणि समुद्राचा आवाज उगाच जवळ आल्यासारखा वाटतो. हाताला फणसाचा वास होता. संध्याकाळी फणस फोडताना तेल लावूनही चीक राहिलाच होता, तर्जनीला अजून चिकट लागत होतं. मला झोप येत नव्हती आणि त्याचं कारण हरणं हे नव्हतं. त्या पुलावर मी सत्तरेक वेळा तरी मेले असेन. प्रत्येक वेळी काय चुकलं ते मला कळायचं: घाई झाली, लोभ झाला, एक वार जास्त केला, स्टॅमिना संपल्याकडे लक्ष नव्हतं. ती मरणं माझी होती आणि मी ती घेऊन झोपायचे. या मरणाचं काय करावं ते समजेना. मी लोळण मागितली होती. गेमने कुपी दिली. मग ही चूक कुणाची?

मी डावखुरी आहे. माउस माझ्या डाव्या हाताला असतो आणि उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला, नमपॅडवर, म्हणजे आकड्यांच्या कीवर. आठ पुढे, पाच मागे, चार आणि सहा बाजूला. पाचावर जो बारीक उंचवटा असतो तो बोटाला लागला की न बघता हात जागेवर बसतो. मी दिवसभर एका काजू कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे नमपॅड माझ्या उजव्या हाताला पाठ आहे. या हाताला दुसरं फारसं काही येत नाही, पण आकडे येतात. म्हणून गेममध्ये चालायचं काम मी त्याच्याकडे दिलं आणि तलवार ठेवली डाव्याकडे.

ही मांडणी बसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. गेमच्या सेटिंगमध्ये की बदलायची सोय होती, पण अर्धीमुर्धी. नमपॅडचे आकडे चालत. अधिक, उणे आणि एंटर मात्र ‘ही की वापरता येत नाही’ म्हणून परत येत. बाणाच्या चारही की हत्यारं आणि सामान बदलायला बांधून ठेवलेल्या, त्यांना हात लावता येत नसे. लोळण मी शून्यावर ठेवली, अंगठ्याखाली, ऐसपैस. औषधाच्या कुपीला जागाच उरली नव्हती, तेव्हा ती शून्याशेजारच्या पॉइंटवर, दशांशचिन्हाच्या कीवर, गेली. आणि एवढं सगळं करूनही पडद्यावर सूचना यायच्या त्या जुन्याच. ‘दार उघडण्यासाठी ई दाबा’ असं लिहून यायचं, माझं दार उघडायचं सातावर. लढाईच्या मधोमध चमकून गेलेल्या अशा अक्षराचं मनात भाषांतर करायचं, तोवर वार बसलेला असायचा.

माउसची गोष्ट आणखी चमत्कारिक. डाव्या हातात माउस धरला की तर्जनी उजव्या बटणावर पडते. विंडोजला सांगून बटणं उलटी करून घेता येतात, तशी मी वर्षानुवर्षं ठेवली आहेत. पण काही गेम माउस थेट वाचतात, विंडोजने केलेली अदलाबदल त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे मेनूत मी तर्जनीने निवड करायचे आणि लढाई सुरू झाली की तीच तर्जनी हेवी अटॅक करायची. मला हवा असायचा लाइट अटॅक, पटकन सुटणारा. हेवीला तलवार खांद्यावरून मागे जाते, क्षणभर थांबते आणि मग येते. तेवढ्यात समोरचा काम उरकून मोकळा होतो. पहिला आठवडा मी समजत होते की मला लढताच येत नाही.

ज्यांना हे कधी करावं लागलेलं नाही त्यांना ते क्षुल्लक वाटेल. वाटू दे. मला ते क्षुल्लक वाटत नाही, कारण हे गेमपासून सुरू झालेलं नाही.

आमच्या घरी देवघरासमोर आजी बसायची आणि नैवेद्याचं ताट पुढे करायचं काम माझ्याकडे असायचं. मी डावा हात पुढे केला की तिच्या बोटांची टिचकी माझ्या मनगटावर यायची. जोरात नाही, केळीच्या पानावरचं पाणी झटकावं तशी. “त्या हातान नको गो बाय.” जेवताना डावा हात मांडीखाली. दुकानात पैसे देताना उजवा. लिहिताना मात्र कुणी अडवलं नाही, कारण मास्तरांनी आईला सांगितलं होतं की हिचं अक्षर चांगलं आहे, राहू दे, सचिन तेंडुलकरसुद्धा डाव्या हाताने लिहितो. तो बॅट उजव्या हाताने धरतो हे त्यांनी सांगितलं नाही, पण आईला तेवढं पुरलं. त्यानंतर घरात वही ही एकच जागा अशी उरली जिथे माझा हात माझा होता. भात कापायला गेले की विळ्याचे दाते हाताला उलटे लागायचे, कापण्यापेक्षा ओढल्यासारखं व्हायचं. अडाळ्यावर नारळ खवायला बसले की अर्धा कीस ताटलीत आणि अर्धा बाहेर.

आईच्या आग्रहाचं कारण मला फार उशिरा समजलं. ती तरुणपणी काजू फोडायला जायची. पायाने दाबायचं, हाताने दांडा ओढायचा, बी मधून दुभंगते, गर बाहेर. मजुरी किलोवर. तिच्या शेजारी एक डावखुरी बाई बसायची. आई म्हणायची, तिच्या हाताला चपळाई कमी नव्हती, पण यंत्राचा दांडा उजवीकडे होता आणि ती रोज आडवी होऊन तो ओढायची. संध्याकाळी सगळ्यांचे डबे वजनाला लागले की तिचा हलका भरायचा. टरफलातल्या तेलाने सगळ्यांचीच बोटं काळी व्हायची, सालपटं निघायची, हिची दोन्ही हातांची. “माका तुझो हात बघलंय की ती दिसायची,” आई एकदा म्हणाली होती. एवढंच म्हणाली, आणि भाकरी उलटली.

शाळेत आम्हाला कॉम्प्युटर आला तेव्हा मी आठवीत होते. चपला बाहेर काढून आत जायचं, मशीनवर प्लास्टिकचं आवरण, खोलीला नव्या वायरीचा वास. शिकवायचे ते पंधरा मिनिटांत संपायचं आणि उरलेला वेळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. 1989 चा गेम, आमच्याकडे पोचला तोवर जुना झालेला, पण आम्हाला काय त्याचं. तळघर, सापळे, साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. तलवारबाजीला तीनच गोष्टी होत्या: बाणांनी पुढेमागे, वरच्या बाणाने वार अडवायचा, शिफ्ट दाबून वार करायचा. बाण उजव्या हाताखाली. शिफ्ट डाव्या हाताखाली. कुणी मला काही सांगितलं नव्हतं, मी बसले आणि तलवार आपोआप माझ्या डाव्या हातात आली.

वर्गातल्या कुठल्याच पोरापेक्षा मी हळू नव्हते. शेजारच्या पाटावर बसणाऱ्या, मला ‘डावी’ म्हणून हाक मारणाऱ्या मुलाला तो सुऱ्यांसारख्या दातांचा सापळा कसा ओलांडायचा ते मी दाखवलं होतं. त्या खोलीतून बाहेर पडताना चपला शोधायच्या असायच्या आणि मी मुद्दाम रेंगाळायचे.

पुढे काय झालं ते मी नंतर वाचत वाचत जुळवलं. 1993 च्या ‘डूम’ या बंदुकीच्या गेममध्येही चालायचं ते बाणांनीच. मग हे गेम माउसने नेम धरायचे झाले. बहुतेकांचा उजवा हात माउसवर गेला आणि बाण त्या हाताच्या फार जवळ पडायला लागले. डावा हात कीबोर्डवर डावीकडे सरकला. 1997 मध्ये ‘क्वेक’ या तसल्याच गेमच्या स्पर्धेत डेनिस फाँग हा ‘थ्रेश’ नावाने खेळणारा तरुण जिंकला. तो गेम करणाऱ्यांपैकी जॉन कारमॅक यांची फेरारी गाडी त्याला बक्षीस मिळाली. त्याची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चार अक्षरांवर असायची. लोकांनी त्याची मांडणी उचलली आणि 1998 मध्ये ‘हाफ-लाइफ’ने तीच मुळातली म्हणून दिली. त्यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. उजव्या हाताने माउस धरणाऱ्याला तीच जागा सोयीची आहे, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण माझ्यापुरतं सांगायचं तर मी शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत तळघरातल्या त्या राजपुत्राची तलवार माझ्या हातातून काढून घेतली गेली होती, आणि मला पत्ताही लागला नव्हता.

हल्लीच्या या गेमांची लढाई मला मनापासून आवडते, हे सांगायला हवं, नाहीतर ही सगळी तक्रारच वाटेल. तलवारीला वजन असतं. एकदा वार सोडला की तो पुरा झाल्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. पुष्कळजण यालाच कंटाळतात, म्हणतात बटण दाबलं की लगेच व्हायला पाहिजे. मला नाही तसं वाटत. माझा मामा मांडवीच्या खाडीत पाग टाकायचा. गुडघाभर पाण्यात उभा, जाळ्याची एक कड दातात, उरलेलं जाळं कोपरावर घेतलेलं. बराच वेळ नुसता पाण्याकडे बघत राहायचा. मग कमरेतून वळायचा आणि जाळं हवेत उघडायचं, कडेची शिशाची मणी एकदम पाण्यावर पडायची. हातातून सुटलं की सुटलं. मासे दुसरीकडे वळले तरी ते परत घेता येत नाही, बुडू द्यायचं, ओढायचं, झटकायचं, परत कोपरावर घ्यायचं. मामाला मी कधी त्यावर चिडलेला पाहिला नाही. टाकायच्या आधी जे बघायचं ते तो बघून घ्यायचा. गेममधली जड तलवार तशी आहे. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची साठ चित्रं, त्यातल्या प्रत्येकाला सोळा-सतरा मिलिसेकंद, आणि लोळणीच्या सुरुवातीच्या मोजक्याच फ्रेम अशा की त्यात वार अंगाला लागत नाही. ते अचूक साधलं की हातोडा आपल्या अंगावरून जातो आणि आपण असतो तिथेच असतो. असं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. म्हणून कठीण असण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मामाच्या हातात पाग होता तसा माझ्या हातात माझा वार असावा, एवढंच.

आणि तो तसा असेल की नाही हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवतं. ‘झेल्डा’ या गेमांच्या मालिकेतला नायक लिंक वर्षानुवर्षं डावखुरा होता. 2006 मध्ये ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा गेम ‘वी’ या मशीनवर आला तेव्हा तलवार चालवायला हातातला रिमोट हलवायचा होता, आणि बहुतेक लोक तो उजव्या हातात धरणार. म्हणून लिंकला उजखोरा केला. तेवढ्यासाठी त्याचं चित्र नव्याने काढण्यापेक्षा अख्खं जगच आरशात धरल्यासारखं उलटं केलं, नकाशात पूर्वेचं ते पश्चिमेला. त्याच गेमच्या दुसऱ्या, ‘गेमक्यूब’वरच्या आवृत्तीत तो डावखुराच राहिला. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते, दुपारचा डबा उघडलेला होता. एका हातासाठी डोंगर, नद्या, गावं सगळी पालथी केली. ज्यांच्यासाठी केली त्यांना ते कळलंही नसेल. मला राग येतोय की आणखी काही ते नीट ओळखू येईना. बहुधा हेवा असावा. आपल्या हातासाठी कुणी एवढं करावं असं मलाही वाटलं.

तसं कुणी करताना मी एकदाच पाहिलंय, आणि तेही जत्रेत.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. देवळाच्या आवारात दशावतार, थंडी पडलेली, आजीच्या घोंगडीत मी आणि माझी बहीण. संकासुराचा भाग होऊन गेला होता, आख्यान रंगात आलं होतं. रंगमंचावर ते एकच लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर. पहाटेच्या सुमाराला लढाई लागली. दशावतारातली लढाई म्हणजे गिरक्या. मृदंग आणि झांजेवर दोघं एकमेकांभोवती फिरतात, तलवारींचा खणखणाट होतो, परत फिरतात. त्या रात्रीच्या राक्षसाने तलवार डाव्या हातात घेतली होती. मला एकदम जाग आली. समोरचा राजा उजव्या हाताचा, त्यामुळे पहिल्या फेरीला दोघांच्या तलवारी भेटल्याच नाहीत, एक इकडून गेली, एक तिकडून. पाठीमागची माणसं हसली. मृदंगवाला हसला नाही. त्याने मान वर केली, राक्षसाच्या हाताकडे बघितलं आणि पुढच्या फेरीला थाप जरा लांबवली. तेवढ्या लांबलेल्या थापेत राक्षसाला उलट्या बाजूने वळायला जागा मिळाली. तलवारी भेटल्या. तिथून पुढे सगळी लढाई त्याने तशीच वाजवली, पायपेटीही त्याच्यामागून गेली. लिहिलेलं काही नसतंच या लोकांकडे, संवादसुद्धा जागच्या जागी सुचतात, तेव्हा बदलायला कुणाला विचारावं लागत नाही. राक्षस शेवटी मेला, कारण आख्यानात तो मरायचाच होता. पण बाकड्यावर पाठ टेकून मेला तोवर तो पुरेपूर लढला होता. मी घोंगडीत माझा डावा हात उघडून मिटून बघत होते.

बहीण आता ठाण्याला असते. तिचा मुलगा सुट्टीला आमच्याकडे येतो. चौदा वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा शंभरपट बरा खेळतो आणि त्याचा माज करत नाही. त्याच मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी तो आला. संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं, म्हणाले, लोळण दाबली होती रे मी, नक्की दाबली होती. तो म्हणाला, “मावशी, रेकॉर्ड करू या ना. कळेल मग.” त्याने एक छोटा प्रोग्राम टाकला, दाबलेली प्रत्येक की पडद्याच्या कोपऱ्यात उमटवणारा. मी पुलावर गेले. चार वेळा साध्या चुकांनी मेले. पाचव्यांदा खांदा मागे गेला, मी ‘एक’ म्हटलं, आणि ती पुन्हा कुपी काढून उभी राहिली. भाचा ओरडलाच, “आलं, आलं, थांब!”

आम्ही ते एकेक फ्रेम करून बघितलं. वीज मध्येच गेली, इन्व्हर्टर लागेस्तोवर कॉम्प्युटर बंद, परत सुरू केला, परत बघितलं. माझी लोळण वेळेवर होती. शून्य अगदी जिथे पाहिजे तिथे उमटलं होतं. फक्त त्याच्या आधी, चारच फ्रेम आधी, एक पॉइंट होता. आणि शून्याच्या मागून आणखी एक शून्य. गेमने पॉइंट पहिला आला म्हणून कुपी काढली, ती पिऊन होईपर्यंत मधे काही करता येत नाही, आणि शून्य रांगेत उभं केलं. मी लोळण मागितली हे त्याने ऐकलं होतं. त्याआधी मी आणखी काहीतरी म्हणाले होते, तेही ऐकलं होतं.

“दोनदा का दाबलंस?” भाचा विचारत होता. “आणि पॉइंट कशाला?”

मी त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. पॉइंट, शून्य, शून्य.

मी दिवसभर हेच लिहिते. काजूगराच्या प्रतींचे भाव, डब्ल्यू 240 चा, डब्ल्यू 320 चा, तुकड्यांचा, मजुरीचा, टेम्पोभाड्याचा. प्रत्येक रकमेच्या शेवटी पॉइंट झिरो झिरो. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये नुसती रक्कम टाकली तरी चालतं, मला माहीत आहे, पण मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते म्हणायचे की पैसे लिहिल्याशिवाय रक्कम पुरी होत नाही, आणि तो हात तसाच वळला. चौदा वर्षं. घाईच्या क्षणी अंगठा शून्याकडे निघाला की अनामिका त्याच्याआधी पॉइंटवर जाऊन बसते. रक्कम पुरी करते. राक्षसाने हातोडा उचलला होता आणि माझा उजवा हात पैसे लिहीत होता.

हे भाच्याला समजावून सांगताना मला हसू आलं नाही, त्यालाही आलं नाही. तो म्हणाला, “म्हणजे गेमची चूक नाहीये.” मी म्हटलं, आहे. अधिकची की दिली असती तर मी कुपी शून्याच्या शेजारी ठेवली असती का? तो विचार करून म्हणाला, “हो, ते पण आहे.” मग आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. चूक किती त्यांची आणि किती माझी हे वाटून घेता येत नव्हतं. माझी म्हणावी तर ज्या हाताने ती केली तो हात मी चौदा वर्षं नीट, मन लावून शिकवलेला. हा उजवा हात मला आयुष्यभर परका होता, आणि हिशेबाचं काम मिळालं तेव्हा पहिल्यांदा तो कशाला तरी उपयोगी पडला. त्याने शिकलेलं तेवढंच. त्याच्यावर रागवावं असं मला त्या रात्री वाटेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हाताकडे बघत होते. बाहेर भट्टी सुरू होती, काजू भाजल्याचा तो जाड, घशाशी बसणारा वास खिडकीतून येत होता. मजुरीची यादी लागलेली होती, किलो आणि रुपये. अनामिका जायची, अंगठा दोनदा पडायचा, पुढची ओळ. इतकं हलकं, की मी बघत नसते तर झालेलं कळलंही नसतं. त्या यादीत एका बाईचे किलो रोज इतरांपेक्षा कमी असतात. मी कधी उठून बघायला गेले नव्हते. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले. ती उजव्या हाताचीच होती, तिचं यंत्र जुनं होतं, पात्याची धार गेलेली. मी सुपरवायझरना सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी पातं बदललं.

भाच्याने त्याच्या परीने उपाय केला. गेम अधिकची की घेत नाही ना, मग अधिक दाबलं की गेमला आर दाबल्यासारखं वाटेल असा दुसरा प्रोग्राम त्याने शोधून बसवला. कुपी आर वर. माउसची बटणंही तशीच फिरवली, लढाईत आणि मेनूत तर्जनी एकच. अर्ध्या तासाचं काम. ते होताना बघून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, की एवढंसं काम आणि ते ठाण्याहून आलेल्या एका पोराने आंबे खाता खाता करावं लागलं. मग तो म्हणाला, मी तुझ्यासारखं खेळून बघतो. माउस डाव्या हातात, उजवा हात नमपॅडवर. पुलाच्या अर्ध्यावरही पोचला नाही. पहिल्यांदा कठड्यावरून खाली पडला, दुसऱ्यांदा तलवार म्यानातच राहिली. तिसऱ्यांदा मेल्यावर त्याने दोन्ही हात उचलून स्वतःसमोर धरले आणि नुसते बघितले. काही बोलला नाही. रविवारी तो गेला. एसटी सुटेपर्यंत खिडकीतून सांगत होता की राक्षस मेला की व्हिडिओ पाठव.

माझ्याशिवाय घरात कॉम्प्युटरला कुणी बसत नाही, पण टेबल पुसताना आई माउस उचलून उजवीकडे ठेवते. तिच्या लेखी ती त्याची जागा. मी रोज संध्याकाळी आले की वायर मॉनिटरच्या मागून ओढून डावीकडे आणते. इतकी वर्षं हे चाललंय आणि आम्ही दोघी त्यावर कधी काही बोललेलो नाही. सोमवारी मी आले, हातपाय धुतले, चहा घेतला, टेबलापाशी गेले. माउस डावीकडे होता. वायर मॉनिटरच्या मागून नीट घेतलेली, खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरळ लावलेला.

स्वयंपाकघराच्या दारात आई आमसुलं निवडत बसली होती.

“माउस तू ठेवलंस?”

“पोरगो सांगून गेलो,” ती म्हणाली. “‘आजी, तुका दिसत नाय काय?’ म्हणालो.” मग थोड्या वेळाने, सुपातून मान वर न करता, “माका कोणी सांगूक नाय कधी.”

मी काही म्हणाले नाही. मलाही कधी सांगायला सुचलं नव्हतं.

त्या रात्री मी पुलावर गेले. नव्या जागी हात बसायला वेळ लागत होता, कुपीसाठी बोट दोनदा पॉइंटवर गेलं आणि तिथे आता काहीच नव्हतं. पॉइंट रिकामा. हात पैसे लिहायचा आणि ते कुठेच पडायचे नाहीत. राक्षस निम्मा झाला, मग पाव. आई येऊन मागच्या खुर्चीत बसली, लसणाची वाटी मांडीवर. तिला पडद्यावरचं काय कळत होतं कोण जाणे, पण हातोडा वर गेला की तिचं सोलणं थांबायचं. लाल रेघ बारीक झाली. खांदा मागे गेला. मी ‘एक’ म्हटलं, आणि ‘एक’ पुरतं म्हणून व्हायच्या आधीच अंगठा पडला. लोळण लवकर गेली. मी उठून उभी राहतेय तेवढ्यात हातोडा आला.

पडदा काळा झाला.

“मेलंस?”

“होय.”

“त्या बटणांमुळे काय?”

“नाय,” मी म्हटलं. “घाई केलंय मी.”

“मग कर परत,” ती म्हणाली, आणि पुढची पाकळी सोलायला घेतली. बाहेर वारा सुटला होता, झावळ्यांचा आवाज येत होता. पुलाच्या पलीकडे तो पाठमोरा उभा होता, हातोडा जमिनीवर टेकलेला. मी पाचावरचा उंचवटा चाचपला आणि चालायला लागले.